चौथी स्प्रिंग

वाशी, सेक्टर २
६ जानेवारी १९८८

चि. विलास,

आशीर्वाद. इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. सुमेधा भाऊबिजेला आली होती, तेव्हा तुझा पत्ता तिच्याकडून घेतला. बेळगावात तुझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चांगलं चाललंय, असं ती सांगत होती. ऐकून बरं वाटलं. नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. मागचं काही उकरून काढायला लिहीत नाही. एक अडचण आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही.

तू इथे ठेवून गेलेली इलेक्ट्रिक गिटार आता वैजू वाजवते. हो, आपली वैजयंती. तू गेलास तेव्हा आठ वर्षांची होती, आता कॉलेजात आहे. चार वर्षांपूर्वी तिनं माळ्यावरून गिटार खाली काढली. मी नको म्हटलं नाही. शेजारच्या सेक्टरमधल्या एका सरांकडे शिकली आणि आता सरच म्हणतात की माझ्याकडचं संपलं. माझी मुलगी म्हणून सांगत नाही, पण बोटं तुझ्यासारखी चालतात.

तेवीस तारखेला तिच्या कॉलेजचं गॅदरिंग आहे. मुलींचा वाद्यवृंद उभा राहतोय, त्यात गिटार हिची. आवाज भरीव यावा आणि तारा सारख्या तुटू नयेत म्हणून तिनं मुंबईहून जाड तारांचा सेट आणून चढवला. तेव्हापासून सगळं बिघडलंय. खाली तारा जिथे अडकवतात त्या ज्या ब्रिजला ते हलवायचं हँडल आहे, तो ब्रिज मागून उचलला गेलाय. तारा पडद्यांपासून इतक्या वर गेल्यात की दाबताना तिची बोटं सोलवटतात. एक तार सुरात आणली की बाकीच्या उतरतात. मला वाटलं ब्रिज ढिला झालाय, म्हणून पुढचे सहा स्क्रू आवळले, तर हँडल जाम झालं. कंपनीच्या टूलरूममध्ये तेवीस वर्षं काढलेल्या माणसाची ही कथा. स्क्रू परत होते तसे केलेत.

तिच्या सरांची साधी लाकडी गिटार, त्यांना यातलं कळत नाही. जाड तारा काढून टाक म्हटलं तर वैजू ऐकत नाही. तू या गिटारचं पोट उघडून बसायचास, ते मला आठवतं. काय करायचं तेवढं कळव. बाकी काही लिहायला हवं असं नाही.

तुझी वहिनी आठवण काढते.

तुझा,
दादा


वाशी
२६ जानेवारी १९८८

चि. विलास,

आशीर्वाद. तुझं उत्तर सहाव्या दिवशी मिळालं. बारा ओळी, त्यात एक शब्द जास्तीचा नाही, आणि शेवटी ‘वैजूला आशीर्वाद’. मी ते दोनदा वाचलं आणि मग वैजूला मोठ्यानं वाचून दाखवलं.

तू लिहिलंस तसं आधी तारा सैल केल्या आणि मागचं झाकण काढलं. आत तीन स्प्रिंगा दिसल्या आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. एका बाजूनं तारा ओढतात, दुसऱ्या बाजूनं स्प्रिंगा. तारा जाड झाल्या, त्यांची ओढ वाढली, स्प्रिंगा मात्र तेवढ्याच राहिल्या. मग ब्रिज उचलला जाणार नाही तर काय होईल! हे मला दिसायला हवं होतं. रोज स्प्रिंगाच बघतो मी.

पण तू सांगितलेली चौथी स्प्रिंग मिळेना. वैजू मुंबईत तीन दुकानं फिरून आली. तेव्हा मी म्हटलं, मीच करतो. साहेबांना विचारून जेवणाच्या सुट्टीत लेथवर बसलो. आतली एक स्प्रिंग काढून नेली होती. तिच्या तारेची जाडी मोजली, वेढे मोजले, वजन टांगून किती ताणते ते लिहून घेतलं. माझी पहिली स्प्रिंग फार ताठ झाली. दुसरी ताण काढल्यावर पूर्ण मागे येईना. तिसरी मात्र वजन टांगल्यावर मूळच्या स्प्रिंगेइतकीच ताणली गेली. टूलरूममधली सगळी मंडळी भोवती जमली होती. गिटारची स्प्रिंग आहे म्हटल्यावर कुणी हसलं नाही, उलट कार्यक्रमाची वेळ विचारून घेतली.

मग आम्ही बापलेक दोन संध्याकाळी त्या गिटारवर बसलो. चौथी स्प्रिंग लावली. स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकतात तिचे दोन्ही स्क्रू मी अर्धा अर्धा फेरा आवळायचो, वैजू सहाही तारा सुरात आणायची, मग दोघं वाकून ब्रिज बघायचो. पुन्हा अर्धा फेरा. किती वेळा केलं त्याचा हिशेब नाही. ब्रिज अगदी सपाट बसला तेव्हा तिनं हँडल खाली दाबून सोडलं आणि तारा छेडल्या. सूर होता तिथे परत आला. मग बाराव्या पडद्यावर एकेक तार तपासून तारांखालच्या घोड्या तिनं स्वतः मागे सरकवल्या. मला हात लावू दिला नाही.

आता कार्यक्रमाचं सांगतो. मैदान भरलं होतं. मी मागे मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो, पुढे बसायचा धीर होत नव्हता. लाइट आणि स्पीकरचं काम शिरवणे गावच्या नामदेवकडे होतं. तो पूर्वी आमच्या कंपनीत होता. त्यानं मला बघितलं आणि म्हणाला, “ती तुमची पोर हाय ना? मंग मागं कशाला उभे, पुढं चला.” हाताला धरून त्यानं मला स्पीकरशेजारी नेऊन बसवलं. वैजू मांडवाच्या झगझगाटात उभी होती. निळी साडी, पदर कमरेला खोचलेला आणि गळ्यात तुझी गिटार. तिसऱ्या गाण्याच्या मध्ये ती एकटीच वाजवते. हँडल दाबून तिनं एक सूर असा थरथरवला की समोरची पोरं गप्प झाली. आणि तो सूर जराही न ढळता जागेवर आला. विलास, मी आयुष्यात हजारो स्प्रिंगा केल्या असतील. त्यातली एक गाताना मी पहिल्यांदा ऐकली. आमचे टूलरूमवाले उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांच्याकडे बघून मी मान खाली घातली, पण ती शरमेनं नव्हे.

इथेच पत्र संपवावं असं वाटतंय. पण संपवता येत नाही.

घरी आल्यावर तुझ्या वहिनीनं तिची दृष्ट काढली. जेवताना वैजूनं विचारलं, “बाबा, काका एवढा चांगला वाजवायचा, मग त्यानं सोडलं का?”

मी म्हणालो, “त्याला कुणी बोलावलं नाही.”

इतक्या सहज म्हणालो की माझं मलाच ऐकू आलं. नऊ वर्षं हेच उत्तर मी सुमेधाला दिलं, तुझ्या वहिनीला दिलं आणि तू जाताना तुलाही दिलं.

विलास, तुला बोलावलं होतं. बडोद्याच्या ज्या ऑर्केस्ट्राला तू वाजवून दाखवून आला होतास, त्यांचं पत्र फेब्रुवारी एकोणऐंशीत इथे आलं. सहा महिन्यांच्या दौऱ्यासाठी तुझी निवड झाली होती, एक मार्चला हजर व्हायचं होतं. तू फर्स्ट शिफ्टला होतास. मी पत्र उघडलं, वाचलं आणि कंपनीतल्या माझ्या पेटीत सगळ्यात खाली ठेवून दिलं. तुला कंपनीत चिकटवलं होतं, दोन महिन्यांत पर्मनंट झाला असतास. आई-बाबा गेल्यावर तुझं चांगलं काय ते मलाच कळतं, अशी माझी खात्री होती. तू रोज पोस्टमनची वाट बघायचास आणि मी बघत राहायचो. एप्रिलमध्ये तू म्हणालास, “माझ्यात काही नाही, दादा. ही गिटार ठेव.” तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी गिटार घेतली आणि माळ्यावर टाकली. नंतर आपलं भांडण झालं ते नोकरी सोडण्यावरून, असंच सगळ्यांना वाटतं. तुलाही तसंच वाटत असेल.

काल वैजूला आणि तिच्या आईला सगळं सांगितलं. वैजू माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

पत्र फाडलं नव्हतं, सोबत ठेवलंय. त्यात तुझ्या वाजवण्याबद्दल तीन ओळी आहेत. त्या तुझ्या आहेत, नऊ वर्षांपूर्वी तुझ्या हातात पडायला हव्या होत्या. तुझ्यात काही नव्हतं असं नाही, विलास. तेवीस तारखेला तेच वैजूच्या बोटांतून मांडवात हजार माणसांनी ऐकलं.

सहा फेब्रुवारीला, शनिवारी सकाळी, मी एस्टीनं बेळगावात उतरेन आणि थेट तुझ्या दुकानावर येईन. मला काही मागायचं नाही. तुला जे बोलायचं असेल ते तोंडावर बोल, मी उभा राहून ऐकेन. वैजूला यायचंय असं तिची आई सांगते, पण तिला आणत नाही. तिच्यासमोर तू माझ्यावर चिडणार नाहीस आणि मला ती सूट नको आहे.

कमळाकर