फुलांचा झोपाळा

केतके,

परळच्या त्या चार तासांसाठी घेतलेल्या हॉलमध्ये तुझ्या डोहाळजेवणाचा झोपाळा तुटला आणि माझा डावा हात मोडला. आई माझ्यासमोरच म्हणाली, "नशीब, माझी पोर बसली नव्हती!" मग तिने दृष्ट काढली, तीही तुझीच. मी कोणाची पोर गं?

वकील म्हणाले, "हॉलवाल्याला नोटीस पाठवू, नाही ऐकलं तर ग्राहक कोर्टात जाऊ. फक्त तो म्हणतोय, झोपाळा होणाऱ्या आईसाठी होता, मग या का बसल्या?"

"बहिणीसाठी तपासून बघत होते," मी म्हटलं. त्यांनी कौतुकाने लिहून घेतलं. ते ऐकून तूही माझ्या गळ्यात पडून रडलीस.

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी कोणी असं झोपाळ्यावर बसवलं नाही. तू आत हिरवी साडी नेसत होतीस. तुझे फुलांचे दागिने पाटावर होते. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, सगळं अंगावर चढवून मी झोके घेत होते.

पडल्यावर एका हाताने ते एकेक करून उतरवले, पाटावर होते तसे मांडले आणि मगच किंचाळले.

तुझीच,
शलाकाताई