चढावर बोलता येत नाही

तीर्थस्वरूप ताई,

भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून हे पत्रापुरतं. प्रत्यक्षात सध्या किती वाकता येतं ते विचारू नका.)

तुमची तब्येत कशी आहे? खोकला गेला का? मागच्या फोनवर तुम्ही बोललात कमी आणि खोकलात जास्त. डॉक्टरांनी दिलेली बाटली कपाटात शोभेला ठेवू नका, पोटात जाऊ द्या. माझं बरं चाललं आहे. सकाळी खाली दुकान उघडते, खळ शिजवते, येतील ती पुस्तकं बांधते, संध्याकाळी वर जाते. हल्ली लोक पुस्तकं फाटेपर्यंत वाचत नाहीत, त्यामुळे काम कमी आणि वाचायला वेळ भरपूर.

पत्रास कारण असं, की गेल्या रविवारी आम्ही सहकुटुंब डोंगर चढून आलो. आम्ही म्हणजे तुमचा भाचा, सूनबाई, चिमणी आणि मी. सूनबाईंनी कुठेतरी वाचलं की निसर्गात एकत्र चालल्याने कुटुंबं जोडली जातात. माझा जन्म जोडण्यात गेला. चिकटायला खळ लागते, वर वजन लागतं, आणि रात्रभर कोणी हात लावायचा नसतो, एवढं मला माहीत आहे. पण सूनबाईंनी त्यापुढेही वाचलं होतं. कठीण विषय घरात काढू नयेत, मोकळ्या हवेत शेजारी शेजारी चालत काढावेत, म्हणजे समोरच्याचं तोंड बघावं लागत नाही. हे मला कसं कळलं, तर गाडीत चिमणी माझ्या कानाला लागली आणि म्हणाली, "आजी, आज बाबा तुला दुकान विकायचं सांगणार आहे. पण तुला ते सांगायचं नाहीये."

तर असा तो निसर्ग होता. दुकान आणि वरच्या दोन खोल्या विकायच्या आणि मी त्यांच्याकडे राहायला जायचं. तिथे लिफ्ट आहे, इथे जिना आहे, आणि माझं वय जिन्याचं राहिलेलं नाही, असा हिशेब. मला जी खोली मिळणार तिच्यात सध्या जागच्या जागी चालायचं यंत्र आहे. (त्यावर टॉवेल वाळतात. कुटुंबातलं कोणी त्यावर चालल्याचं मी पाहिलेलं नाही. म्हणून तर चालायला डोंगरावर जावं लागतं.)

तयारी बघण्यासारखी होती. तुमच्या भाच्याच्या विजारीला इतके खिसे होते की गाडीची किल्ली कुठल्या खिशात आहे ते शोधण्यात त्याचा अर्धा उत्साह तिथेच संपला. पाठीवर पिशवी, पिशवीत दोर, औषधाची पेटी आणि खास माझ्यासाठी घडीची खुर्ची. सूनबाईंचे बूट नवे कोरे. मी तुमच्या भावाचे कॅनव्हासचे जोडे घातले होते, पुढे कागदाचे बोळे कोंबून. सूनबाईंनी जोड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फार समजूतदारपणे काही बोलल्या नाहीत. पायथ्याशी पाटी होती, निसर्गाचा मनमुराद आनंद घ्या, आणि खाली काय काय करायचं नाही ते इतकं लिहिलं होतं की आनंद घ्यायला फक्त श्वास उरला.

आणि ताई, मला तिथेच युक्ती सुचली. चढावर माणसाला एक तर चालता येतं, नाही तर बोलता येतं. तुमचा भाचा शेजारी येऊन "आई, मी काय म्हणत होतो" म्हणाला, की मी पाय उचलायचे. "काय म्हणत होतो"च्या पुढे त्याची गाडी काही गेली नाही. मग सूनबाई आल्या. "आई, खरं तर आम्हा दोघांना असं वाटतं" एवढ्यावर त्यांचा दम संपला, आणि त्या दोघांना काय वाटतं ते डोंगरालाही कळलं नाही. चिमणी मधल्या मधे धावत निरोप देत होती. "आजी, बाबा म्हणतोय हळू चाल." थोड्या वेळाने, "आजी, बाबा खुर्चीवर बसलाय." त्यानंतर, "आजी, खुर्ची मोडली."

माथ्यावर मी पहिली पोचले. वारा होता, खाली सगळी घरं पुठ्ठ्याच्या खोक्यांसारखी. सवयीने मागे वळून म्हटलं, बघा, आलो आपण. मग जरा वेळ जोड्यांकडेच बघत बसले.

बाकीचे आले तेव्हा तुमच्या भाच्याचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. मी म्हटलं, "तुला काय विचारायचंय ते मला माहीत आहे. उत्तर नाही असं आहे. आता पाणी पी." त्याने चिमणीकडे पाहिलं. चिमणीने ढगांकडे पाहिलं.

डोंगर उतरून झाल्यावर तो गाडीजवळच्या सपाट जागेत पाय मुरगळून सरळ बसला. मी त्याचा पाय मांडीवर घेतला. तेव्हा तो जे बोलला त्यात सूनबाईंनी वाचलेलं काही नव्हतं. "आई, तू त्या जिन्यावरून पडलीस तर आम्हाला कळणार तरी कधी?" मी म्हटलं, "तू पडलास तिथे जिना कुठे होता?" तो हसला, पण डोळे काही हसले नाहीत. म्हणाला, "निदान सोबत कोणी असतं तर मी विषयच काढला नसता." मी बघू म्हटलं. विषय तूर्त मिटला. गाडीत सगळे झोपले (चालवणाऱ्या सूनबाई सोडून), आणि कुटुंब जोडलं गेलं असं म्हणायला हरकत नाही.

एकंदरीत डोंगर चढणं फार सोपं आहे. लोक उगाच बाऊ करतात.

तुमची,
भावजय

ता. क. फार वर्षांपूर्वी आपल्याकडे गिर्यारोहणाचं एक पुस्तक बांधायला आलं होतं. अक्षरं जुळवत जुळवत मी जी पहिली पुस्तकं वाचली त्यातलं ते. शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटच्या पानांचा जुडगा, हरवलेला होता. माणसं शिखरावर पोचली आणि पुस्तक संपलं, त्यामुळे डोंगर तिथेच संपतो असा माझा समज. उतरल्यावर गुडघ्यांचं काय होतं ते त्या हरवलेल्या पानांत असणार. सोमवारपासून मी जिना लहान मुलासारखी बसून, एकेक पायरी घसरत उतरते. वर जाताना कठडा धरते आणि तुमच्या भावाला दोन शब्द सुनावते. भाचा रोज फोनवर विचारतो, मी रोज सांगते, टुणटुणीत आहे.

ता. क. २. वरचं जिना उतरण्याचं वाक्य भाच्याला कळता कामा नये. तो तुमच्याकडे येईल, कारण माझी समजूत घालायला आता आत्याच उरली आहे. आला की घरात बसू देऊ नका. तुमच्या गल्लीतला चढ चांगला आहे, तिकडे फिरायला न्या.

ता. क. ३. सोबत कोणी असतं तर, असं तो म्हणाला आहे. तुमच्याही घरात तुमच्याशिवाय कोण आहे? मागची खोली झाडून ठेवली आहे. खाली त्यांची खुर्ची आहे तिथेच आहे, खिडकीजवळ, तुम्हाला उजेड चांगला मिळेल. आणि ताई, वर त्या बाटलीबद्दल लिहिलं आहे ते आता मागे घेते. तुम्ही अगदी तुमच्या भावासारख्या खोकता. मागच्या वेळी फोनवर मी गप्प होते ती म्हणूनच. तेव्हा औषध घ्या, पण संपवू नका. थोडा खोकला शिल्लक ठेवून या.