ओळ पूर्ण होईपर्यंत

४ नोव्हेंबर, मंगळवार

पेटी लागली एकदाची! आईच्या डाव्या अंगठ्याखाली बटण. समोर पेटीवर अक्षरं एकेक करून उजळत जातात, हवं ते उजळलं की दाबायचं. हिरवा दिवा लुकलुकतो आणि अक्षर निघतं — वायरीतून माझ्या प्रोग्रॅमकडे, तिथून पडद्यावर आणि फाइलमध्ये. पडदा पलंगाच्या पायथ्याशी, आमच्याकडे तोंड करून. प्रोग्रॅम आमच्याच भाषेत लिहिलाय, म्हणजे मी आणि गुरुजींनी चार वर्षं खपून केलेल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. गुरुजी म्हणजे माझे ऑफिसातले वरिष्ठ. शिकवत काही नाहीत, नुसते कान पिळतात! घरी चार वेळा तपासला. चोख चालला.

झटका येऊन अडीच महिने झाले, तेव्हापासून इस्पितळातच. वाचा गेली, उजवी बाजू गेली. उरलाय तो हा अंगठा. आणि डोळे. दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायची घाई त्यांत अजून तशीच दिसते. का मलाच वाटतं?

५ नोव्हेंबर, बुधवार

पडदा कोरा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारपर्यंत बघू. काहीच उमटलं नाही, तर त्यांना समजत नाहीये असं धरावं लागेल. मग इथले व्यायाम बंद. तुम्ही शुश्रूषागृह बघा." हे सगळं आईच्या डोक्यावरून. आणि मीही तिथेच मान डोलावली. लाज वाटते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गुरुजींशी खडाजंगी. भांडण जुनंच — बाहेरून येणारा मजकूर भाषेनं प्रोग्रॅमच्या हाती द्यायचा कसा? सबंध फाइल एकदम दिली तर मोठ्या फाइलीखाली मशीन गुदमरतं. येईल तसा तुकडा दिला तर अक्षर मधोमध तुटतं. आपला एक 'क' तीन बाइटचा, तीन कण मिळून एक अक्षर. दोन या तुकड्यात, एक पुढच्यात, की पडद्यावर चौकोनच चौकोन! म्हणून तर मी नियम घातला — ओळ पूर्ण झाल्याशिवाय द्यायचीच नाही.

गुरुजी म्हणाले, "फाइलला शेवट असतो गं. प्रवाहाला असेलच असं नाही. तो थांबलाय की संपलाय, हे तुझ्या प्रोग्रॅमला कळणार कसं?"

"अर्धवट काही हातात द्यायचं नाही. बस्स!" मी म्हटलं आणि उठून आले.

पण रस्ताभर तेच डोक्यात. खरंच की, कसं कळणार? कुठल्याच मशीनला कळत नाही. काही येत नाहीये, एवढंच कळतं. पलीकडे कुणी विचार करतंय, का उठून गेलंय, का कधी नव्हतंच — काही म्हणजे काही कळत नाही. वीस वर्षं या धंद्यात आहे आणि आज पहिल्यांदा अंगावर काटा आला. सिग्नल हिरवा झाला तरी मी उभीच. मागचा रिक्षावाला ओरडला, "ताई, निघा आता!"

८ नोव्हेंबर, शनिवार

कोरा. नर्स म्हणते, दिवा दिवसभर लुकलुकतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, अंगठ्याला आचके येतात.

१० नोव्हेंबर, सोमवार

रोज सकाळी तेच प्रश्न. "मुलं किती? आज वार कोणता? शंभरातून सात वजा करा. आणखी सात." बाबा शेजारी बसून ओठातल्या ओठात उत्तरं पुटपुटतात, परीक्षेत कॉपी पुरवल्यासारखी. मला हसूच आलं. मग बाहेर जाऊन रडले.

शुश्रूषागृहाचा फॉर्म आणलाय. बाबांनी घडी घालून खिशात ठेवला. भरला नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

एका वजनकाटेवाल्याचं पत्र. आमची भाषा वापरतो. "काटा सारखी वजनं पाठवतोय, पण तुमची भाषा तोंडाला कुलूप लावून बसलीय. काटा ओळ संपवत नाही, म्हणून असेल का?" आधीच डोकं फिरलेलं. फणकाऱ्यानं लिहिलं — मग काट्याला सांगा, ओळ संपव म्हणावं!

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी दात घासताना लख्ख कळलं. ब्रश तोंडात तसाच राहिला.

पेटीवर ओळ संपवणारं एंटर नाहीच!! घरी तपासताना मी कीबोर्डवर लिहिलं आणि सवयीनं शेवटी एंटर मारला. चारही वेळा! आई आठ दिवस अक्षरं पाठवतेय, आणि माझा प्रोग्रॅम ती धरून ओळ संपायची वाट बघत बसलाय. माझाच नियम. फाइलमध्ये एक अक्षर गेलेलं नाही, सगळं मशीनच्या मेमरीत. मशीन बंद झालं की गेलं.

नर्सला फोन केला. "अहो, उद्या हलवायचंय ना? आवरायलाच घेतलंय. वायर काढू?"

"हात लावू नका!!" तोंडात पेस्ट. तिला काय ऐकू गेलं देव जाणे. पण थांबली बिचारी.

पोचले. कीबोर्ड जोडला. एंटर. एकदाच.

पडदा भरला! हजारावर अक्षरं, मध्ये कुठे जागा नाही, एकाला एक लागून. मी जागा सोडत सोडत मोठ्यानं वाचलं. "मुलं एक मुलगी आज बुधवार ९३ ८६ ७९ ७२ ६५". पुढे "आज गुरुवार". पुढे "रोज तेच काय विचारता आता तेरा वजा करायला सांगा". डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्याच. "एकही चुकलेलं नाही," एवढंच म्हणाल्या, दोनदा. मध्येच "उशी उंच करा". मध्येच "ह्यांना म्हणावं दाढी करा". आणि कालचं — "मला पाठवा तिकडे चालेल पण ह्यांना रोज इतक्या लांब खेपा नकोत".

बाबांनी आधी उशी उंच केली. मग रडले.

एकेका अक्षराला अर्धं अर्धं मिनिट. आणि एक काना सुटलेला नाही! अख्खी माझी आई त्या वायरीतून आली होती, आणि मी तिला दाराशी उभं करून ठेवलं होतं. मी इतकं अद्भुत आयुष्यात काही पाहिलेलं नाही. आणि इतकी मूर्खही मी कधी नव्हते.

दुपारी नियम बदलला. अर्धं अक्षर तेवढं थोपवायचं. बाकी आलं की लगेच द्यायचं. ओळी ज्याला हव्यात त्याने मागून घ्याव्यात. गुरुजींना फोनवर सांगितलं, तर टोमणा नाही की काही नाही. नुसतं, "आईला नमस्कार सांग." काटेवाल्याची माफी मागितली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शुश्रूषागृह रद्द. व्यायाम चालू. पडदा आता आईकडे वळवलाय, अक्षर येईल तसं उमटतं. तिला सगळं सांगितलं — आई, तुझं काही पोचतच नव्हतं गं, आम्ही वाचून गप्प नव्हतो, चूक माझी. हिरवा दिवा लुकलुकला. मग सावकाश, एकेक अक्षर —

मला वाटलं मी मेलेय