टिपून घेतलेलं घर

४ जून
आलो एकदाचे नव्या घरात. बदलीच्या सगळ्या कटकटीत एवढी एकच गोष्ट मनासारखी झाली. खिडक्या मोठ्या, उजेड कसा खोल्याखोल्यांतून भरून राहतो. आमची ही भांड्यांची खोकी शोधत होती तोवर माझ्या कॅमेऱ्यांची खोकी रिकामीसुद्धा झाली होती. ते बघून म्हणाली, एका घरात इतक्या सवती नांदवून घेणारी मीच. आई हसता हसता खोकायला लागली.
आणि आज आणखी एक सवत आली. भिंतीतल्या कपाटात, वरच्या फळीवर अगदी मागे, दोन भिंगांचा जुना कॅमेरा सापडला. छातीशी धरून, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं, तसला. भिंगांवर ओरखडा नाही, शटर लोण्यासारखं चालतं. घरमालकांना फोन केला तर म्हणाले, आधीच्या भाडेकरूचा असेल, ठेवा तुम्हीच.

९ जून
मागच्या न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद चिकटवून डार्करूम केली आणि त्या जुन्या कॅमेऱ्यातला पहिला रोल धुतला. ओळीत उभं करून, हसा म्हणून काढलेले फोटो मला आवडत नाहीत. माणसं आपल्या नादात असली की खरी दिसतात. आई एक डोळा मिटून सुईत दोरा ओवतेय. आमची लेक ठमी जीभ बाहेर काढून बुटाची नाडी बांधतेय. नुकतीच शिकलीय, म्हणून दिवसभर सोडते आणि बांधते. ही खिडकीपाशी केस पुसतेय, ओठ किंचित उघडे, तेच तिचं लग्नाआधीपासूनचं गुणगुणणं. ट्रेमधून एकेक चेहरा हळूहळू वर आला तसा मी लाल उजेडात बघतच राहिलो. इतके जिवंत प्रिंट माझ्या हातून कधी निघाले नव्हते.

१४ जून
शाळेची बस यायची वेळ, आणि ठमी उघड्या नाड्या घेऊन पायरीवर बसून. बांध म्हटलं तर म्हणाली, "बाबा, मला येत नाही." नाटकं पुरे म्हणून ओरडलो. रडली, पण बोट हलवलं नाही.
संध्याकाळी मी आलो तशी मात्र दोन्ही हात पसरून धावत सुटली. कॅमेरा गळ्यात होताच, टिपलं. मिठीपर्यंत काही आली नाही. मध्येच थांबली, जराशी बघत राहिली आणि आत निघून गेली. सकाळचा राग असणार.

१९ जून
आईचं काहीतरी बिनसलंय. आयुष्यभर घरातले कपडे तिने शिवले, माझे शाळेचे गणवेशसुद्धा. आज सुई चिमटीत धरून उजेडाकडे बघत बसली होती. मला विचारलं, "हे कशाला लागतं रे?"
डॉक्टर म्हणाले, वय. ही म्हणाली, वय. मीही मान डोलावली.
ठमीचा रुसवा अजून गेलेला नाही.

२२ जून
ही खिडकीपाशी केस पुसत होती. गप्प. गुणगुणणं कुठे गेलं म्हणून विचारलं, तर कसलं गुणगुणणं म्हणाली. मीच ती चाल म्हणून दाखवली. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, छान आहे, कुठे ऐकलीत?
प्रिंट टेबलावर मांडले. सुई. नाडी. खिडकी.
कॅमेऱ्यात न धुतलेला रोल आहे. त्यात धावत येणारी ठमी—

२३ जून
घरमालकांना गाठलं. आधीचा भाडेकरूही हौशी फोटोग्राफरच. बायको, दोन मुलं. फार शांत माणसं, म्हणाले. शेवटी शेवटी तर बसवू तिथे बसून राहायची, घास भरवावा लागायचा. तो आपला भिंतीवरचे फोटो दाखवायचा. फोटोत सगळी हसत होती.
कॅमेरा कपाटात टाकून कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

२५ जून
नाडीची निगेटिव्ह जाळली. वाटलं, सुटेल, परत येईल— ठमीला जवळ बसवून शिकवायला घेतलं. बोटं वळतच नाहीत. काल निदान नाडी हातात धरत होती. आता बुटाकडे बघतसुद्धा नाही.
बाकीच्या जाळणार नाही. त्यांचं जे काही उरलंय ते तिथेच—

२७ जून
कामावरून आलो. दार ठमीने उघडलं. माझ्याकडे बघितलं. अगदी नीट, पाहुण्याला विचारावं तसं—
"कोण हवंय?"

२८ जून
हिला सगळं सांगितलं. विश्वास नाही. म्हणते, डोक्यातून काढा हे खूळ. तुमचाच एक फोटो काढते, काही होत नाही हे दिसलं की पटेल. नको म्हणालो. हात जोडले.
बोललेलं ऐकत नाही, म्हणून लिहून ठेवतोय. निगेटिव्ह जपून ठेव. एकही जाळू नकोस. ठमीला रोज सांगत जा की मी तिचा—
खिशात किल्ली नाही.
ती दारात उभी आहे. दोन्ही हात छातीशी, मान खाली. म्हणतेय, लिहीत राहा, असेच छान दिसताय. मी तिला थांब म्ह