जीपसोबत गेलेला विहिरीचा दोर परत मिळणेबाबत

प्रति,
मा. विकास अधिकारी,
ग्रामकल्याण योजना कार्यालय,
तळमजला, पंखा असलेली खोली.

विषय: आपल्या कार्यालयाच्या जीपला अडकून गेलेला, पंचेचाळीस हात लांबीचा (आता एक्केचाळीस) दोर परत मिळणेबाबत.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) भांडारपालांचे तोंडी उत्तर, "बघू." ३) सदर जीप.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की,

१. अर्जदार हा दोर वळणारा असून घरात आई, पत्नी व मी असे तिघे राहतो. आई निवृत्त शिक्षिका आहे. या अर्जाचे शुद्धलेखन तिने तपासले असून काही कडक शब्द तिनेच खोडले आहेत. आमचे घर डांबरी रस्त्याच्या अगदी टोकाला आहे. रस्ता आमच्या फाटकापर्यंत येतो आणि तिथेच संपतो. पुढे चारशे पावले चढाची, दगडगोट्यांची पायवाट आहे आणि त्यानंतर वरची सात घरे. त्या सात घरांत एकतीस माणसे राहतात. आपल्या प्रत्येक योजनेच्या यादीत ही सात घरे पहिल्या पानावर आहेत. परंतु जीप आमच्या फाटकापाशी थांबते.

२. जीपमधून उतरलेले साहेब आधी पायवाटेकडे बघतात, मग स्वतःच्या बुटांकडे आणि मग आमच्या घराकडे. "तूर्तास इथेच बसवून टाका, वर नंतर नेता येईल," असा आदेश होतो. अशा रीतीने गेल्या अकरा वर्षांत वरच्या घरांसाठी आलेल्या चौदा योजना आमच्याच अंगणात उतरल्या. बिनधुराच्या चुली तीन. पैकी एकीत कोंबडी अंडी घालते. शौचालये दोन असून त्यांची दारे समोरासमोर आहेत, त्यामुळे एक उघडे असेल तर दुसऱ्यातला माणूस अडकतो. नळाचा चौथरा आहे, नळही आहे, पाणी दुसऱ्या टप्प्यात येणार आहे. नमुना परसबाग, शिवणयंत्र, सौर दिवा, शेळ्यांचा आदर्श गोठा (शेळी वगळून), आणि सहा माहितीफलक. फलकांमुळे स्वयंपाकघराची खिडकी बंद झाली असून आत काय शिजते आहे हे वासावरून ओळखावे लागते. शिवाय माझी आई आजवर पाच वेळा साक्षर झाली आहे. दर वेळी "आधीचा" फोटो म्हणून तिला अंगठा लावावा लागतो. तिने एकदा विचारले होते की, "अहो, मी छत्तीस वर्षं मुलांना बाराखडी शिकवली, माझा अंगठा कशाला?" त्यावर सांगण्यात आले की, आजी, यादीत नाव आहे.

३. योजनांबद्दल माझी तक्रार नाही. सरकार देते आहे, आपण नको म्हणू नये, हे मलाही कळते. माझे म्हणणे इतकेच की मी दोर वळतो आणि दोर वळायला लांब, मोकळी जागा लागते. एका टोकाला खुंटी, तिला घायपाताच्या वाखाचे, म्हणजे पानांतून काढलेल्या तंतूंचे, तीन पेड बांधायचे. दुसऱ्या टोकाला पिळाचे चाक, ते छोट्या हातगाडीवर बसवलेले असते. पत्नी चाक फिरवते, मी पेड सांभाळत चालतो. पीळ बसत जातो तसा दोर आखडतो आणि हातगाडी आपोआप पुढे सरकते. चाळीस पावले अंगण असेल तेव्हा कुठे पंचेचाळीस हात दोर पदरात पडतो. माझ्या अंगणात वडिलांच्या वेळी चाळीस पावले होती. चौदा योजनांनंतर नऊ उरली आहेत. नऊ पावलांत वळलेल्या दोराने शेळी बांधता येते, पण गोठ्यात शेळी नाही, हे वर नमूद केलेच आहे.

४. वरच्या सात घरांची एकच विहीर आहे. तिला चाळीस हात दोर लागतो. मागील उन्हाळ्यात तिचा जुना दोर झिजून तीन पेडांचा दोन पेडांवर आला. वर राहणारी एक म्हातारी, जिला आम्ही सगळेच मावशी म्हणतो, ती काठी टेकत खाली आली आणि म्हणाली, "बाळा, सरकारकडं काही मागत नाही, तुझ्याकडं मागते. दोर तुटायच्या आत दे." महोदय, अकरा वर्षांत माझ्या अंगणात पुष्कळ मोठी माणसे आली, पण माझ्या हातचे काही मागायला आलेली ती पहिलीच. मी हो म्हटले.

५. अंगणात जागा नाही, म्हणून मी रस्त्यावर दोर वळायचे ठरवले. परंतु डांबरात खुंटी ठोकता येत नाही. मी घण घेऊन उभा असतानाच आपली जीप आली. आईच्या पाचव्या साक्षरतेचा दिवस होता. रस्त्यावर पेड पसरलेले पाहून चालकमामांनी जीप प्रथमच चाळीस पावले अलीकडे थांबवली आणि परतीच्या सोयीसाठी वळवूनही ठेवली. जीपच्या मागे एक भक्कम लोखंडी आकडा आहे. मी विचारले, "मामा, जरा वेळ आकड्याला बांधू का?" ते म्हणाले, "बांध की. साहेब आत गेले की तासभर बाहेर येत नाहीत." एवढे बोलून त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. ही चूक माझी आहे, हे मी प्रांजळपणे मान्य करतो. घोडे बांधावे खुंट्याला, ते मी खुंटाच घोड्याला बांधला.

६. दोर अतिशय सुरेख जमला. पीळ पूर्ण झाला आणि टोक बांधणार तोच आतून निरोप आला की समाधानी कुटुंबाचा फोटो घ्यायचा आहे, दोघांनी ताबडतोब यावे. आम्ही गेलो. छायाचित्रकाराने आम्हा तिघांना नळाच्या चौथऱ्याजवळ उभे केले, माझ्या हाताने नळ सोडायला लावला आणि म्हणाला, "हसा. असंच. आता अजिबात हलू नका." नंतर तो निघून गेला, परंतु हला असे कोणी सांगितले नाही. आम्हाला योजनांची सवय असल्यामुळे आम्ही तसेच हसत उभे राहिलो. जीप सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा पत्नी ओठ न हलवता म्हणाली, "अहो, दोर."

७. पुढील हकिकत आपण स्वतः पाहिली आहे, परंतु तिचा अर्थ आपल्यापर्यंत पोहोचला नसावा. जीप पुढे, मागे पंचेचाळीस हात दोर, त्यामागे चाकाची हातगाडी, तिच्यामागे मी, माझ्यामागे पत्नी, तिच्यामागे डाव्या अंगठ्याला शाई लागलेली आई, अशी वरात निघाली. आम्ही ओरडत होतो. आपण खिडकीतून मागे पाहिलेत आणि हात हलवलात. आम्ही दोन्ही हात हलवले. आपणही दोन्ही हात हलवलेत. त्या महिन्याच्या अहवालात "लाभार्थी भारावून वाहनामागे धावले" असा उल्लेख असल्याचे कळते. तो कृपया दुरुस्त व्हावा. हातगाडी वळणावर न्हाव्याच्या दुकानापाशी सुटली व मला परत मिळाली. वाटेत चाक फिरत राहिल्याने दोराला जादा पीळ बसून तो आणखी पक्का झाला असणार, हेही नमूद करतो. कार्यालयाचे श्रेय बुडवण्याची माझी इच्छा नाही.

८. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात आलो. भांडारपालांनी सांगितले की, "दोर, एक नग, क्षेत्रभेटीतून प्राप्त," अशी जडवस्तू नोंदवहीत नोंद झाली आहे. आत आलेली वस्तू योजनेशिवाय बाहेर जात नाही. मी म्हणालो, "अहो, माझाच आहे तो." ते म्हणाले, "कशावरून?" मी म्हणालो, "मी डावखुरा आहे. माझ्या दोराचा पीळ उलटा असतो. या पंचक्रोशीत उलटा पीळ दुसऱ्या कुणाचा नाही." त्यावर उलटा म्हणजे कोणत्या बाजूने हे तपासण्यासाठी एक हात नमुना कापून घेण्यात आला. दुसरा नमुना हा मुळात दोरच आहे का, यासाठी. पहिला नमुना गहाळ झाल्याने तिसरा. तिसऱ्याने टपालाचा गठ्ठा बांधला गेल्याने चौथा. अशा प्रकारे दोर पंचेचाळीस हातांवरून एक्केचाळीसवर आला आहे. विहिरीला चाळीस लागतात, हे परिच्छेद चारमध्ये आले आहेच. आणखी दोन नमुने घेतल्यास पोहरा पाण्याच्या एक हात वर लोंबकळत राहील.

९. सध्या सदर दोर अर्जदारांची रांग सरळ राहावी म्हणून आपल्या दालनाबाहेर बांधलेला आहे. दोर परत मागण्याच्या रांगेत मी तोच दोर धरून दोन दिवस उभा होतो. दोर उत्तम आहे. माझ्या पुढचे गृहस्थ त्याला टेकून झोपले तरी तो ढळला नाही.

१०. नवीन दोर का वळत नाही, असा प्रश्न येईल. एक तर घायपात कुजवून वाख काढायला महिना लागतो. दुसरे म्हणजे रस्त्यावर आता "येथे खासगी काम करू नये" असा फलक लावण्यात आला आहे. तो माझ्या फलकांत सातवा म्हणून जमा आहे. तिसरे कारण पुढीलप्रमाणे.

११. जीप गेल्यानंतर नवव्या दिवशी वरच्या विहिरीचा दोर तुटला आणि पोहऱ्यासकट तळाला गेला. सात घरांनी शेळ्यांची दावी, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि एका तान्ह्या मुलीच्या पाळण्याची दोरी एकत्र गाठून पाहिली. गाठी रहाटात अडकतात. मग ती माणसे आमच्या फाटकाबाहेरच्या जुन्या हातपंपावर येऊ लागली. हा पंप कोणत्याही योजनेत नसल्याने त्याला पाणी आहे. भरल्या हंड्याने चारशे पावले चढ, दिवसातून पाच-सहा खेपा. तिसऱ्या दिवशी मावशी पायवाटेवर घसरून पडली. हाड मोडले नाही, पण हंडा फुटला आणि ती तिथेच बसून रडली. मी तिला उचलून घरी आणले. तिच्यामागे तिची सून आली, सुनेमागे मुले, मुलांमागे शेजारी. आज एकतीस माणसे आणि नऊ शेळ्या माझ्या नऊ पावलांच्या अंगणात राहत आहेत.

१२. येथे एक गोष्ट नाइलाजाने कळवावी लागते. आपल्या चौदाच्या चौदा योजना प्रथमच उपयोगात आल्या आहेत. तिन्ही चुली पेटतात (कोंबडीची सोय नळाच्या चौथऱ्यावर केली आहे). गोठ्यात शेळ्या आहेत. शिवणयंत्रावर वरच्या घरांतला एक शिंपी बसतो. परसबागेतील भाजी पहिल्याच दिवशी संपली. दोन्ही शौचालयांसाठी आईने शिट्टीची पद्धत घालून दिली असून ती पोरांना साक्षरतेच्या फळ्यावर खरोखरच बाराखडी शिकवते. ती इतकी खूष आहे की दोराचा विषय काढला की तिला ऐकू येत नाही. पण महोदय, माणसे खूष नाहीत. परक्याच्या घरात, परक्याच्या चुलीवर कोणी किती दिवस राहील? मावशी रोज सकाळी पायवाटेकडे तोंड करून बसते. "तुझं सगळं छान आहे रे, पण माझं नाही," असे काल म्हणाली. तिला तिच्या विहिरीचे पाणी प्यायचे आहे. तिचा दोर मी वळला होता आणि मीच तो घालवला. याची मला लाज वाटते.

सबब विनंती की, एक्केचाळीस हात दोर आहे त्या स्थितीत, अधिक नमुने न घेता मिळावा. रांगेसाठी मी सुतळी विनामूल्य देईन. योजनेशिवाय वस्तू देता येत नसेल तर ही पंधरावी योजना समजावी, फलकही लावावा, फोटोही घ्यावा. मी हलणार नाही.

येत्या सोमवारी आपली वार्षिक पाहणी आमच्याच घरी आहे असे कळले. अंगणात जागा नसली तरी आपण अवश्य यावे आणि येताना दोर आणावा. फक्त एक वेगळी विनंती आहे. दर वेळी आपण "समाधानी आहात ना?" असे विचारता आणि आम्ही तिघे हो म्हणतो. या खेपेला तो प्रश्न दोर हातात दिल्यानंतरच विचारावा. वरच्या घरांच्या लोकांना पाहणीची सवय नाही. विचारले तर ते खरे सांगतात.

आपल्या उत्तराकडे एकतीस अधिक तीन जणांसह डोळे लावून बसलेला,

(सही, डाव्या हाताची)
दोरवाला
रस्ता संपतो तिथले घर
दिनांक: ९, शुक्रवार

सोबत:
१) वरच्या सात घरांच्या सह्या व अंगठे. अंगठे खरे आहेत.
२) आईची सही. तिला यापुढे साक्षर समजण्यात यावे.
३) विहिरीच्या तुटलेल्या जुन्या दोराचा रहाटावर राहिलेला तुकडा, वीतभर, पुराव्यादाखल. नोंदवहीत जमा करू नये. मावशीने परत मागितला आहे.