शनिवारपुरता आणलेला बेस

२७ ऑक्टोबर, सोमवार

जूनपासून इथे एक ओळ नाही. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही आणि वहीशी खोटं बोलण्यात काही अर्थ नाही. लिहायला बसले असते तर एकच गोष्ट लिहावी लागली असती, म्हणून वही साड्यांखाली ठेवून दिली. चुकलंच माझं.

ती गोष्ट म्हणजे डाव्या हाताची करंगळी. दुखत नाही, सुजलेली नाही. फक्त कधी कधी सांगितलेलं ऐकत नाही. बेस गिटार वाजवताना तार पुरती दाबायची असते, तिथे अर्धीच दाबली जाते, आणि सुराऐवजी नुसती खरखर येते. उन्हाळ्यात क्वचित व्हायचं. परवा शनिवारी एकाच गाण्यात पुन्हा पुन्हा झालं. कुरवंड्याच्या रस्त्यावरचं नेहमीचंच हॉटेल, नेहमीचेच आम्ही कॉलेजपासूनचे चौघे वाजवणारे, समोर दिवाळीच्या सुट्टीचे पर्यटक. त्यांना काही कळलं नाही. मंदारने मात्र गिटार वाजवता वाजवता मान वळवून पाहिलं.

सामान आवरताना म्हणाला, "बाई, तुझा बेस म्हातारा झालाय. आता त्याला पेन्शन दे."

मी लगेच हो म्हटलं. फारच लगेच.


२८ ऑक्टोबर

आईचंही बोटापासूनच सुरू झालं होतं. उजवा अंगठा. थंडी वाजतेय म्हणायची. मे महिन्यात.

कंपवात हा शब्द आज पहिल्यांदा माझ्या अक्षरात लिहिला. लिहून काही होत नाही. तरी हात थांबला.

शेवटची वर्षं ती आमच्याकडे, इथेच वराळ्याला होती. सुहासने जावई असून तिला भरवलं, उचललं, न्हाऊ घातलं. कधी तोंड वाकडं केलं नाही. ती गेल्यावर काही दिवसांनी गॅलरीत कपडे वाळत घालताना म्हणाला, "एकदा केलं. पुन्हा माझ्याच्याने नाही व्हायचं." माझ्याबद्दल नव्हतं ते. बहुतेक त्याच्या आईबद्दल असेल. मी चिमटे देत होते, देत राहिले.

त्याला करंगळीचं सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.


२९ ऑक्टोबर, बुधवार

लोणावळ्याला जाऊन आले, एकटी. सु.ला सांगितलं, गिटार बघायला जातेय. शब्दशः खरं.

दुकान मंदारने सुचवलं होतं. बाजारात चिक्कीच्या दुकानावरचा पहिला मजला, अंधारा जिना, वर मात्र भिंतभर गिटारी. सगळ्या वापरलेल्या आणि सगळ्या महाग. बंगलेवाल्यांची हौस फिटली की त्या इथे येतात. मालक अन्वरभाई, साठीचे, इथलेच. डोळ्यांवर जाड चष्मा. बोलणं थांबत नाही आणि हातही थांबत नाहीत.

त्यांचे दोन नियम आहेत. पहिला, लोणावळ्याचा एक आख्खा पावसाळा भिंतीवर काढल्याशिवाय कुठलीच गिटार विकायची नाही. "ह्या हवेत लाकूड फुगतं, वाकतं, पोटातलं सगळं बाहेर काढतं. चार महिने रडून झालं की मग गिऱ्हाईक दाखवतो." दुसरा, घेणाऱ्याने आधी एका शनिवारपुरती घरी न्यायची, आपल्या माणसांत वाजवायची आणि मग आठवडाभरात हो किंवा नाही सांगायचं. तोवर ते विसारही घेत नाहीत.

मला दाखवला तो पाच तारांचा बेस. जर्मन, हातांनी घडवलेला, अक्रोडाच्या सालीचा रंग. आधीचा मालक देश सोडून गेला. किंमत इथे लिहीत नाही. साठवलेलं आहे, प्रश्न तो नाही.

वाजवला. असा खोल आवाज माझ्या हातून कधी निघाला नव्हता. आणि मग करंगळी. खरखर.

मी म्हटलं, पाच तारांची सवय नाही हो.

भाई माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते, हाताकडे बघत होते. म्हणाले, "होईल सवय. शनिवारी सकाळी या, तुमच्यासाठी लावून ठेवतो."


३१ ऑक्टोबर

मी गिटार घेतेय की दाखला?

चांगल्या वाद्यावर खरखर आली नाही, तर दोष जुन्या बेसचा आणि करंगळी ठीक, असा हिशोब मनात बसलाय. कॉलेजात एखाद्या विद्यार्थिनीने असा प्रयोग लिहून आणला असता तर मी लाल शाईने फुली मारली असती. तरीही उद्याची वाट बघतेय. परवापासून नीट जेवले नाही. दिवाळीचं जड झालं, असं सु.ला सांगितलंय.


२ नोव्हेंबर, रविवार

काल सकाळी बेस आणला. येताना लोकल जवळजवळ रिकामी होती. कामशेतला एक आजी चढल्या, बरोबर पालेभाज्यांचं गाठोडं. माझ्या खोक्याकडे बघत बसल्या.

"सतार व्हय?"

"नाही आजी, गिटार आहे."

"येवढी? लय जड आसंल." थोड्या वेळाने, "आन् वाजवितं कोन?"

मी म्हटलं, मीच. आजींनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "व्हय का," म्हणाल्या आणि मेथीची एक जुडी माझ्या मांडीवर ठेवली. का, ते कळलं नाही. पैसे घेईनात.

संध्याकाळी हॉटेलात वाजवला. सगळी गाणी. एकदाही नाही. एकदाही खरखर नाही! शेवटच्या गाण्यात मुद्दाम करंगळीची अवघड जागा घेतली, मग परत घेतली. स्वच्छ.

सु. न्यायला आला होता, लवकरच येऊन मागच्या खुर्चीत बसला होता. लोणावळा मागे पडल्यावर म्हणाला, "घेऊन टाक तो. किती दिवसांनी हसत होतीस वाजवताना." मी खिडकीबाहेर बघत राहिले, नाहीतर रडले असते.

एका मेंदूविकारांच्या डॉक्टरांचा नंबर मोबाइलमध्ये 'गॅसवाला' नावाने ठेवला होता. आज सकाळी काढून टाकला. मेथीची भाजी केली, दोन वेळा वाढून घेतली.


३ नोव्हेंबर

कॉलेज सुरू झालं. अकरावीचं टायट्रेशन. ब्युरेटच्या उभ्या काचनळीची तोटी डाव्या हाताने सोडायची, उजव्याने फ्लास्क हलवायचा. गेल्या टर्मला प्रात्यक्षिक मी कुणा ना कुणा मुलीलाच करायला लावत होते, "बघू तुला येतं का" म्हणत. आज म्हटलं, मीच करते. आता कशाला घाबरायचं.

शेवटी थेंबाथेंबाने सोडायचं असतं. रंग फिकट गुलाबी झाला की थांबायचं. तोटी वेळेवर बंद झाली नाही. फ्लास्क गडद गुलाबी.

मागून एक जण म्हणाली, "मॅडम, रंगपंचमी." सगळ्या हसल्या. मीही हसले. फ्लास्क विसळून टाकला.

तोटी घट्ट असते. नवीन ग्रीस लावायला सांगितलंय.


४ नोव्हेंबर, मंगळवार

मंदार बेस बघायला घरी आला. सु. कंपनीत होता, दुसरी पाळी. मंदारने मांडीवर घेतला, नेहमीसारखा जोरात वाजवला आणि थांबला.

"कुणासाठी लावलाय हा? तारा नुसत्या झोपल्यात. माझी सात वर्षांची पोरगी वाजवेल."

म्हणजे काय, मी विचारलं. त्याने दाखवलं. तारा लाकडाच्या अगदी जवळ उतरवल्या आहेत, शिवाय नेहमीपेक्षा बारीक. बोट नुसतं टेकवलं तरी सूर येतो. दाबावं लागतच नाही. एवढं खाली घेऊनही तार कुठे घासत नाही, म्हणजे कारागीर पक्का आहे, असंही म्हणाला. मग म्हणाला, "पण तुझा हात कुठे असा? कॉलेजात तूच आम्हाला शिव्या द्यायचीस, जोर लावा म्हणून."

चहा न घेता गेला तर बरं, असं वाटत होतं. बिस्किटं संपेपर्यंत बसला.

तो गेल्यावर जुना बेस काढला. पहिल्याच सुराला खरखर.

म्हणजे बुधवारी भाईंनी बघितलं होतं. बघून न बोलता लावून ठेवलं होतं. आणि मी शनिवारी रात्री गाढ झोपले.


६ नोव्हेंबर, गुरुवार

कॉलेजातून परस्पर लोणावळ्याला. बेस घेऊन गेले. जिन्यात पाय लटपटत होते, ते नुसत्या भीतीनेच असंही आता खात्रीने म्हणता येत नाही. ही एक नवीन कटकट. प्रत्येक थरथरीची चौकशी.

भाईंना विचारलं, तारा खाली घेतल्यात का.

"घेतल्यात." लपवलं नाही. "बारीक पण टाकल्यात. दांडीवरच्या पट्ट्या घासून सारख्या केल्या. दोन दिवस लागले."

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही तरी कुठं सांगितलं, ताई?"

मग स्वतःच स्टुलावरचा पसारा काढून मला बसायला दिलं. सांगत राहिले. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक हातात काहीतरी असतंच. कुणाचं मनगट मोडून जुळलेलं, कुणाचं वय झालेलं, कुणी नुसताच आळशी. ते हात बघतात आणि वाद्य त्या हाताला बसवतात, विचारत नाहीत. विचारलं की माणूस लाजतो, आणि लाजलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. "धंदा पण आहे ना माझा. खोटं कशाला बोलू?"

मला राग आला होता. म्हटलं, तुमच्यामुळे मला वाटलं की मी बरी आहे.

भाईंनी चष्मा काढून माझ्यापुढे धरला. "हा लावतो तर मी डोळ्यांना फसवतो का?"

"चष्मा डोळे तपासून देतात, भाई."

हसले. मग हसू गेलं. "हां. ते बरोबर आहे."

मी म्हटलं, तारा पहिल्यासारख्या वर घ्या, जाड टाका, मला तसा वाजवून बघायचाय. ते लगेच उठले, हातात पाना घेतला. आणि मी म्हटलं, आज नको.

का म्हटलं? सगळं समोर होतं, वेळ होता, ते तयार होते. खरखर आली तर आली. पण आज नको, आज नको, एवढंच तोंडात आलं. शनिवारी येते म्हटलं. बेस तिथेच ठेवला.

भाई म्हणाले, शनिवारी तुमच्यासमोरच वर घेतो. जिन्यापर्यंत आले. "एकट्याच याल?"

मी उतरायला लागले होते.


७ नोव्हेंबर, शुक्रवार

लायब्ररीतलं पुस्तक चाळलं. करंगळी अशी वागायला दहा कारणं असू शकतात. कोपरात नस दबणं, मानेचा मणका, जीवनसत्त्व कमी असणं. त्या दहांतलं एकच आईचं. पण वाचताना डोळे बाकीच्या नवांवर थांबतच नाहीत. आणि उद्या जाड तारांवर खरखर आली तरी कुठलं कारण ते कळणार नाहीच, आणि नाही आली तरी सोमवारचा फ्लास्क आहेच. बेस काही सांगणार नाही. तो लाकूड आहे. मला माहीत होतं हे, ३१ तारखेला लिहिलंही आहे.

मग उद्या जायचं कशाला? घ्यायचा की नाही हे ठरवायला, असं दिवसभर स्वतःला सांगितलं. घेतला तर कशा तारांचा? वर घेतलेल्या तारांचा घ्यायचा आणि रोज घाबरायचं, की झोपलेल्या तारांचा घ्यायचा आणि घाबरायचं नाही, तोवर...

भाईंवरचा राग कालपासून गेला नव्हता. त्यांनी मला जपलं, न विचारता, न सांगता, आणि मी चार दिवस मूर्खासारखी आनंदात. आज भांडी लावताना लक्षात आलं की सु.शी मी जूनपासून नेमकं हेच करतेय. त्याला जपते म्हणते. तोही शनिवारी मागच्या खुर्चीत बसून आनंदात होता.

कळल्यावर तो रागावेल. रागावला तर चालेल. गॅलरीतलं ते वाक्य त्याने पुन्हा उच्चारलं तर काय करायचं, ते मला माहीत नाही. उच्चारलं नाही आणि नुसतं मनात म्हणाला, तर ते त्याच्या तोंडावर मला दिसेल. आईला भरवताना त्याच्या तोंडावर मला कधी काही दिसलं नव्हतं. तेव्हाही मनात काही म्हणत असेल का?

जेवताना विचारत होता, बेसचं काय ठरलं. उद्या कळेल म्हटलं. मला सुट्टी आहे, गाडीने सोडतो म्हणाला. बरं म्हटलं.

उद्या: जिना चढण्याआधी, गाडीतच, सुहासला सांगणे.