शेवटचा फ्यूज

काकाजी, मागच्या सोमवारी तुमची मुलगी माझ्याकडे गाडी घेऊन आली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनातही तुमच्याशी बोलायची माझी हिंमत झाली नव्हती, आणि आज कागद घेऊन बसलोय तेही हौसेनं नाही. नागपुरात, मिहानच्या मागच्या अंगाला माझी शेड आहे. मी कॅम्पर गाड्यांची कामं करतो. म्हणजे चालती घरंच म्हणा. आत पलंग, गॅसची शेगडी, भांडी धुवायचं सिंक, छोटा फ्रिज, बाकाखाली बॅटऱ्या, टपावर सोलरचं पॅनल. पेंचला, ताडोबाला लोक आता आपापलं घर घेऊनच जातात. तुमच्या वेळी अख्ख्या नागपुरात अशी एकच गाडी आपण पाहिली होती, आणि तिचं पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मला तर तुमच्याहून जास्त माहीत आहे.

वाडीच्या नाक्यावर तुमचं दुकान होतं तेव्हा मी चोवीस वर्षांचा, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा खिशात घालून आलेला. तुम्ही शाळा सातवीत सोडलेली, आणि तुमच्याकडे दोन वायरी लावलेला एक बल्ब, त्यालाच तुम्ही टेस्ट लॅम्प म्हणायचे. माझ्याकडे आकडे दाखवणारा मीटर. पहिल्याच आठवड्यात एका ट्रॅव्हल्सच्या बसच्या वायरीवर मी मीटर लावला, साडेबारा व्होल्ट आले, आणि मी ऐटीत सांगितलं की वायर चांगली आहे. तुम्ही बल्ब लावला. तो नुसता लाल होऊन राहिला. वायर आतून तुटलेली, एका केसाएवढ्या तारेवर लटकलेली. “मीटर खोटं नाही बोलत गा,” तुम्ही म्हणालात, “पण त्याले कोणी वजन उचलाले लावलंच नाही. भार टाकून पाय, मंग समजते.” दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते झोंबलं होतं. अतिशहाण्याला उघडं पाडणारा माणूस अतिशहाण्याला आवडत नाही.

तुमच्या दुकानाचा एक दंडक होता आणि तो अमरावती रोडवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ होता. काम कोणीही करो, शेवटचा फ्यूज काकाजींच्या हातचा. गाडी पूर्ण जोडून झाली की तुम्ही हात पुसत यायचे, आम्ही ओढलेली एकेक वायर बोटानं चाचपायचे, पत्र्याच्या भोकातून जिथं जिथं वायर गेली तिथं रबरी कडी बसवली की नाही ते बघायचे, आणि मग खिशातून फ्यूज काढून लावायचे. मला तो तमाशा वाटायचा. दुपारी मागच्या घरात जेवायला बसलो की मी काकूंना म्हणायचो, काकाजी फ्यूज लावतात की अक्षता टाकतात. काकू गोळाभातावर तेल वाढता वाढता हसायच्या. तुमची मुलगी तेव्हा कॉलेजात होती, तीही हसायची. तुम्ही खाली मान घालून जेवत असायचे, आणि माझ्या ताटात डाळीचा गोळा कमी दिसला तर आपल्या ताटातला इकडे सरकवायचे.

धरमपेठेतल्या त्या रिटायर डॉक्टरांनी मिनीबसचं घर करून घेतलं आणि वायरिंग आपल्याकडे आलं, तेव्हा तुम्हाला झालेला आनंद मला अजून दिसतो. चपला बाहेर काढून तुम्ही त्या गाडीत चढायचे. काम संपत आलं आणि शेवटच्या दिवशी, सकाळीच, खापरखेड्याहून तुमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मौतीचा निरोप आला. जाताना तुम्ही मला सांगितलं, “पंपाचं पाहून घे. फ्यूज मी आल्यावर. गाडी सोडजो नको.” तुमची स्कूटर वळते न वळते तोच डॉक्टरांचा ड्रायव्हर आला. डॉक्टरांच्या आईला रामटेकला न्यायचं होतं, अकराच्या आत निघायचं होतं. मी फ्यूज लावला, सिंकच्या पंपाचं बटण दाबलं, फ्यूज उडाला. दुसरा लावला, तोही उडाला. दोनदा फ्यूज उडतो म्हणजे वायर कुठंतरी पत्र्याला लागते आहे, हे तुम्ही शंभरदा सांगितलेलं. कपाट खोलून बघायला तास लागला असता. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला होता. मी तांब्याच्या तीन तारा पिळल्या आणि उडालेल्या फ्यूजच्या दोन पायांना गुंडाळून टाकल्या. पंप लागला, नळाला पाणी आलं. ड्रायव्हर म्हणाला, “वा भाऊ, तुम्ही तं उस्तादाच्या वर निंगाले.” त्या शब्दावर मी फुगलो, काकाजी, आणि फाटक उघडून दिलं. तुम्ही आल्यावर मी सांगितलं की ते थांबायला तयारच नव्हते, नवा फ्यूज लावून दिला.

रामटेकच्या वाटेवर, मनसरच्या पुढं कपाटामागं धूर झाला. पलंगावर झोपलेल्या त्या ऐंशी वर्षांच्या आजींना ड्रायव्हरनं उचलून बाहेर काढलं, पण वरून वितळलेलं प्लास्टिक त्यांच्या हातावर पडलं. गाडीचा मागचा अर्धा भाग जळून गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर दुकानात आले. ओरडले नाहीत. रुमालाची घडी उलगडून त्यांनी फ्यूजपेटीचा जळका तुकडा तुमच्यापुढं धरला. प्लास्टिक वितळलेलं होतं, तार मात्र जशीच्या तशी. “शेवटचा फ्यूज तुमच्या हातचा असतो, असं तुम्हीच मला सांगितलं होतं,” ते म्हणाले, “मग हे काय आहे?”

तुम्ही तो तुकडा उजेडात धरता. तार ओळखायला तुम्हाला एक क्षण पुरतो, कारण अशी डावीकडं पीळ देऊन तार गुंडाळायची सवय दुकानात एकट्या डावखुऱ्याची, म्हणजे माझी. तुम्ही माझ्याकडे बघता. मी एका बॅटरीवर मीटर लावून बसलोय, कुठली बॅटरी तेही मला ठाऊक नाही.  तुम्ही थांबलात. घाईनं नाही, चांगला अवधी दिलात मला. डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं ते आज सांगतो. पुढच्या महिन्यात पुण्याला एका बसच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात माझा इंटरव्ह्यू होता, आणि मी हिशेब करत होतो की काकाजींचं नाव मोठं आहे, एक डाग त्यांना पचेल, मला पचणार नाही. मग तुमचा आवाज आला. “माह्या दुकानातून गेली ना गाडी, डॉक्टरसाहेब. मंग माह्याच हातचं समजा.” डॉक्टर रुमाल तिथंच ठेवून गेले.

डाग तुम्हाला पचला नाही. ट्रॅव्हल्सवाले हळूहळू दुसरीकडे गेले. लाइनीतले लोक तुम्हाला तारवाले काकाजी म्हणायला लागले, आधी पाठीमागं आणि नंतर तोंडावर. तुम्ही ऑटोचे हॉर्न दुरुस्त करत बसायचे. मला एकदाही विचारलं नाहीत. डॉक्टर आले त्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त म्हणालात, “जेवला का गा?” तुम्ही दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी कदाचित बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. म्हणजे त्याचाही दोष तुमच्यावरच. पुण्याला निघालो तेव्हा तुम्ही तुमचा टेस्ट लॅम्प वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. “तुह्या मीटरले सोबत,” म्हणालात. मला वाटलं, तुम्ही माफ केलं. आता वाटतं, तुम्ही तेच पहिल्या आठवड्यातलं “भार टाकून पाय” पुन्हा सांगितलं होतं.

चार वर्षांनी तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी आलो होतो. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसलो. काकूंनी भरल्या डोळ्यांनी चहा दिला, तो प्यायलो, परत गेलो. पुढं नागपूरला येऊन हे काम सुरू केलं. नव्या मेकॅनिकांना फ्यूजचं महत्त्व पटत नव्हतं. फ्यूज उडाला की प्रत्येकाचा हात आधी तारेकडेच जातो. एका दिवशी समजावता समजावता माझ्या तोंडून निघून गेलं, “आमच्या उस्तादांनी एकदा तार टाकली होती, गाडी जळली.” सगळे हातातलं काम सोडून ऐकायला लागले. गोष्ट कामाची निघाली. मग प्रत्येक नव्या माणसाला मी ती सांगत गेलो, आणि दर वेळी थोडी रंगवत गेलो. तुम्हाला म्हातारं केलं. तुम्हाला दिसत नव्हतं असं केलं. शेवटी तर मी तुम्हाला जाड भिंगाचा चष्माही घातला. काकाजी, साठीतही तुम्ही काकूंना सुईत दोरा ओवून द्यायचे.

सोमवारी तुमची मुलगी आली. आता चाळिशीची आहे, बँकेत आहे. जुनी कॅम्पर घेतली आहे, फ्रिजचा फ्यूज सारखा उडतो म्हणाली. ओळखीच्या दोघांनी शहरातल्या दुसऱ्या दुकानात जायला सांगितलं तरी ती इथंच आली, कारण “बाबांच्या हाताखालचा माणूस”. मी कपाट खोलत होतो आणि बाहेर माझा एक मेकॅनिक तिला धीर देत होता. “ताई, फ्यूजच्या बाबतीत आमचे सर लय कडक हायेत. त्याईचे उस्ताद होते एक, म्हातारे. हा एवढा जाड चष्मा. दिसलं नाही, फ्यूजच्या जागी तार टाकून बसले, गाडी जळली.”  मग तिचा आवाज, अगदी साधा. “माझ्या बाबांना चष्मा नव्हता.”

ती आत आली. कॅम्परच्या त्या अरुंद जागेत आम्ही दोघं, माझ्या हातात पेचकस. “दादा, तुम्ही तिथं होते ना तेव्हा?” तिनं विचारलं. “घरी बाबांनी एवढंच सांगितलं की चूक झाली. आईनं कधी मानलं नाही. आई म्हणते, ज्या माणसानं घरच्या मीटरच्या बोर्डात तार टाकू दिली नाही, तीन तीन दिवस आम्हाले अंधारात बसवलं, तो गाडीत तार टाकन? ती अजूनही म्हणते. ऐंशीची झाली. मले बस खरं काय ते सांगा, मी आईले सांगीन. बाबांनी टाकली असन तरी चालते.” बोलता बोलता ती आपल्या घरच्या बोलीवर आली होती. आणि मी म्हणालो, “त्या दिवशी मी सुट्टीवर होतो.” तिनं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला. विचार करायला वेळही लागला नाही हो मला, शब्द आधीच तयार होते. पंधरा वर्षांत मी खोटं बोलण्यात तेवढा तरबेज झालोय.

तिच्या गाडीत दोष तोच निघाला. फ्रिजची वायर पत्र्याच्या भोकातून गेली होती आणि कडी नव्हती. पत्र्यानं वायरीचं साल कापलं होतं. मी वायर बदलली, कडी बसवली, सगळी वायर बोटानं चाचपली, तुमचा टेस्ट लॅम्प लावून पाहिला. तो स्वच्छ पेटला. तो मी रोज वापरतो, हे तुम्हाला सांगायची मला लाज वाटते.

आज सकाळी चहाच्या वेळी मी माणसांना खरं सांगितलं. चष्मा नव्हता, उस्ताद त्या दिवशी दुकानात नव्हते, तार मी टाकली होती. चौघंही कपात बघत राहिले. तेवढ्यात तुमच्या मुलीचा फोन आला, गाडीचं कुठवर आलं विचारायला. मी म्हणालो, एक पार्ट पुण्याहून यायचा आहे. “घाई नाही दादा,” ती म्हणाली. “आईले मी तेच सांगितलं. बाबांच्या हाताखालचा माणूस हाय, पुरं झाल्याशिवाय गाडी सोडणार नाही.” फोन ठेवला तर तो मेकॅनिक, सोमवारी तिच्याशी बोललेला, समोर उभा. “सर, मंग ताईले कधी सांगता?”

“पार्ट आला की,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि पाना उचलून कामाला गेला. त्याला माहीत आहे. त्या गाडीचं काम त्यानंच माझ्याबरोबर केलं. हा कागद मी तुमच्या लॅम्पच्या डब्यात ठेवून देईन, दुसरीकडे पाठवायची सोय नाही. पुण्याहून काही यायचं नाही, काकाजी. गाडी गुरुवारीच तयार झाली, फक्त शेवटचा फ्यूज लावायचा राहिलाय. तो माझ्या शर्टाच्या खिशात आहे, आणि रोज शर्ट बदलताना मी तो आठवणीनं काढून दुसऱ्या शर्टाच्या खिशात ठेवतो.